आजी तुमची, सासू तिची

पत्र थोडक्यात असं आहे. पुण्यातल्या एका मैत्रिणीची आजी गेल्या वर्षी ९५ व्या वर्षी गेली. जन्म १९२९ चा. आधी नारायण पेठेत बिऱ्हाड, ते १९६१ च्या पुरात गेलं, मग गोखलेनगर, आणि शेवटची बरीच वर्षं कोथरूडच्या फ्लॅटमध्ये मोठ्या मुलाकडे, म्हणजे ह्या मैत्रिणीच्या आईवडिलांकडे. दोन महिन्यांनी वर्षश्राद्ध आहे. काकांनी ठरवलंय की त्या दिवशी जेवायला येणाऱ्या दीडशे माणसांना आजीच्या आठवणींची रंगीत स्मरणिका द्यायची, आणि संपादनाचं काम हिच्या गळ्यात पडलंय, कारण 'तुझं मराठी चांगलं आहे'. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आवाहन केल्यावर एकोणीस जणांनी मजकूर पाठवला, त्यातल्या चौदा जणांनी पुरणपोळी आणि 'प्रेमळ, सोशिक, सदा हसतमुख' एवढंच लिहिलंय. आत्यांनी नऊ पानं पाठवलीत, जवळजवळ सगळी पुरावर. आईने काहीच दिलं नाही. विचारलं तर म्हणाली, "तुमची आजी तुम्ही लिहा. माझी सासू होती." आणि काकांना पहिल्या पानावर वाक्य हवंय, 'आईने सुनांना मुलींसारखं वागवलं'. मैत्रिणीला माहितीये की १९८८ मध्ये आईला शाळेत नोकरी लागली होती, हातात नेमणुकीचं पत्र होतं, आणि आजीने जाऊ दिलं नाही. शेवटची दोन वर्षं अंथरुणावरच्या आजीचं सगळं केलं ते मात्र आईनेच. मैत्रीण लिहिते, "मला आजी आठवली की रडू येतं, आणि मग आईकडे बघितलं की गिल्टी वाटतं. खोटं छापू, का खरं छापून घरात भांडण लावू, का हे कामच सोडून देऊ?" सही केलीये 'मधली नात'.

प्रिय मधली नात,

तुला अगं-तुगंच करते, मी वयाने तुझ्या आईच्या आगेमागेच असेन. पत्र तीनदा वाचलं. दोनदा सदरासाठी आणि एकदा माझ्यासाठी, कारण तुझ्या घरात आत्ता ज्या चुका होऊ घातल्यात त्यातली सगळ्यात मोठी मी स्वतः करून बसलेय, ती सांगते पुढे.

आधी तुझ्या प्रश्नाबद्दल. खोटं छापू का खरं छापू, असं तू विचारतेस, म्हणजे तू मनातल्या मनात कोर्ट भरवलंयस. एका बाजूला आजी, एका बाजूला आई, आणि तू मधे हातोडा घेऊन. तुला कुणी सांगितलं निकाल द्यायला? काकांनी तुला शुद्धलेखन तपासायला सांगितलंय. हे मी चेष्टेने म्हणत नाहीये. दीडशे माणसं जेवून, विडा खाऊन, पिशवीत स्मरणिका टाकून घरी जाणार, ती पानं ९५ वर्षांच्या बाईचा न्याय करण्याची जागाच नाहीये. तिथे कुणी काय पाहिलं एवढंच येऊ शकतं.

आता आईचं वाक्य. 'तुमची आजी तुम्ही लिहा. माझी सासू होती.' तू हे रागाचं वाक्य म्हणून सांगितलंस. मला ते तसं वाटलं नाही, मला ते ह्या सगळ्या पत्रातलं सगळ्यात अचूक वाक्य वाटलं. ती म्हणतेय की तुला मिळालेली बाई आणि मला मिळालेली बाई वेगळी होती. आणि 'तुम्ही लिहा' ही परवानगी आहे गं. तुझ्या आजीवर प्रेम करायला आईने तुला कधी अडवलं होतं का? लहानपणी तू आजीच्या कुशीत झोपायचीस असं लिहिलंयस, तिथे तुला झोपवून स्वयंपाकघरात जाणारी कोण होती? म्हणजे तुझ्या गिल्टीचं बिल आईने पाठवलेलंच नाहीये, ते तू स्वतःच फाडलंयस.

आणि खरंच दोन वेगळ्या बायका होत्या, जरा वयं मांडून बघ. १९८८ मध्ये तुझ्या आजी एकोणसाठ वर्षांच्या होत्या. आजोबा जाऊन नऊ वर्षं झालेली, घर स्वतःच्या हिमतीवर रेटलेलं, किल्ल्या कमरेला, शब्द शेवटचा. तुला समजायला लागलं तेव्हा त्या सत्तरीकडे झुकलेल्या, मुलं मार्गी लागलेली, भीती संपलेली, हातात वेळ आणि डब्यात लाडू. नातवंडांना मिळते ती आजी म्हणजे सुधारून वाढवलेली आवृत्ती असते, पहिली आवृत्ती मुलांनी आणि सुनांनी वाचलेली असते आणि तिच्यातले छापखान्याचे खिळे त्यांच्या अंगावर उमटलेले असतात. म्हणून काही १९८८ चं माफ होत नाही. नेमणुकीचं पत्र हातात असलेल्या बीएड मुलीला घरी बसवणं ह्याला मी तरी काही गोंडस नाव देणार नाही. फक्त तुझी आजी खोटी नव्हती आणि आईची सासूही खोटी नव्हती, एवढं धरून चाल.

मग काकांच्या त्या वाक्याचं काय करायचं? काढायचं, पण भांडून नाही, नियम लावून. स्मरणिकेला एकच नियम लाव की प्रत्येकाने स्वतःला काय मिळालं, स्वतः काय पाहिलं तेवढंच लिहायचं आणि खाली आपलं नाव घालायचं. 'आईने सुनांना मुलींसारखं वागवलं' हे वाक्य मुलगा लिहू शकत नाही, त्याला ते माहीत असण्याची सोयच नाही. ते लिहायचं तर सुनेने. काकूंनी लिहिलं तर जरूर छाप, त्यांच्या नावाने. कदाचित धाकट्या सुनेच्या वेळेपर्यंत आजी बदलल्याही असतील, तेही खरंच. काकांनी लिहावं, आईने मला अमुक दिलं, तमुक शिकवलं, मला कधी मारलं, कशावरून मारलं. हा नियम मी तयार केलेला नाहीये. आपल्या पुण्यातच हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ ह्यांनी खेड्यापाड्यातल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या, एक लाखाच्या वर भरल्या त्या, आणि त्यात बाईचं नाव आणि गाव जपलेलं असतं. नाहीतर ते सगळं 'लोकपरंपरा' ह्या एका शब्दात विरघळून गेलं असतं, जसं तुझ्याकडे चौदा जणांचं 'सोशिक' मध्ये विरघळलंय.

त्या शब्दाचा मला फार राग आहे, सांगूनच टाकते. सोशिक म्हणजे काय सोसलं, कुणाचं सोसलं, किती वर्षं, आणि सोसताना मनात काय चाललं होतं, ह्यातलं काहीही सांगायचं नसलं की माणसं सोशिक म्हणतात. कुठल्याही म्हातारीच्या फोटोखाली चालतो तो शब्द. त्या चौदा जणांना परत मेसेज कर आणि फक्त एक विचार, 'आजीने तुला एकदा काय केलं?' एकदा. 'नेहमी' ह्या शब्दाला बंदी. नेहमी पुरणपोळी करायची हे सगळ्यांच्या आजीचं असतं, पण माझ्या दहावीच्या गणिताच्या पेपरच्या दिवशी माझ्याबरोबर शाळेच्या गेटपर्यंत आली आणि पेपर सुटेपर्यंत समोरच्या ओट्यावर बसून राहिली, असलं काहीतरी निघेल बघ. निम्मे जण उत्तर देणार नाहीत, चालेल, त्यांची नावं 'आजीची नातवंडं' म्हणून शेवटी छाप, त्यांना तेवढंच हवं असतं.

आता आत्यांची नऊ पानं. तू लिहितेस की काकांना ती अर्ध्या पानावर आणायचीत कारण 'दुःखद आहे', आणि एक गोष्ट तर अजिबात नको आहे, ती म्हणजे पाणी वाढतंय असा ओरडा झाल्यावर आजीने देव्हाऱ्यातले देव तसेच ठेवले आणि पिठाचा डबा उचलला. काकांचं म्हणणं, "आईने देव सोडून पीठ उचललं असं छापायचं का लोकांसमोर?"

छापायचं! हेच तर छापायचं! मला तुझ्या आजी माहीत नव्हत्या, ह्या एका ओळीत मला त्या दिसल्या.

१२ जुलै १९६१. पानशेतचं धरण अजून पुरतं बांधून झालेलं नव्हतं, ते फुटलं, ते पाणी खडकवासल्यावर येऊन आदळलं, खडकवासलाही गेलं, आणि नदी पेठांमध्ये शिरली. लकडी पूल पाण्याखाली गेला होता. आमच्या पिढीला हे ऐकून पाठ आहे, पुण्यात ज्याला जुनं काही आठवत नाही त्यालाही पूर आठवतो. पण लोक पूर सांगतात तो पाण्याचा सांगतात, कुठल्या पेठेत किती वर चढलं, कुठल्या वाड्याची भिंत कशी बसली. बत्तीस वर्षांची बाई, अकरा वर्षांची मुलगी, पाच वर्षांचा मुलगा, कडेवर काही महिन्यांचं बाळ, दोन हात, आणि त्यातला एक बाळाला लागलेला, मग दुसऱ्या हातात काय, हा प्रश्न क्वचितच कुणी सांगतं. तुझ्या आत्यांनी सांगितलाय. आणि काकांना एवढंच विचार, प्रेमाने विचार, की कडेवर कोण होतं. ते स्वतःच होते ना. त्या डब्यातल्या पिठाची पेज कुणाच्या पोटात गेली असेल? त्यांच्या आईने देवापुढे त्यांना निवडलं, ही गोष्ट लपवायची का?

आणखी एक. काकांचा पूर हा आईकडून ऐकलेला पूर आहे, आत्यांचा डोळ्यांनी पाहिलेला. दोघांच्या सांगण्यात फरक असेल तर जुळवत बसू नकोस, दोन्ही शेजारी शेजारी ठेव. नऊ पानं स्मरणिकेत बसणार नाहीत हे मान्य, चार घे, पण ती चार आत्यांना निवडू दे. पंच्याहत्तरीच्या बाईने हाताने नऊ पानं लिहिलीत, कात्री तिच्या हातात द्यावी.

बरं, आता तुझ्या पत्रात खाली जवळजवळ ताजा कलम म्हणून आलेली गोष्ट, जी वाचून मी खुर्चीतून उठले. ट्रंकेत आजीच्या हिशेबाच्या एकतीस वह्या आहेत, पहिली १९६१ च्या ऑगस्टची, शेवटची २००९ ची, आणि काका म्हणतात रद्दीत देऊन टाका, त्यात काय आहे, दूध आणि रॉकेल.

मधली नात, थांब. कुणालाही हात लावू देऊ नकोस. ऑगस्ट १९६१ म्हणजे काय ते लक्षात आलं का? पूर जुलैच्या बारा तारखेचा. त्या आधीच्या वह्या एकतर पाण्यात गेल्या, किंवा आधी त्या हिशेब लिहीतच नव्हत्या आणि पुराने लिहायला लावला. दोन्हीपैकी कुठलं हे सांगू शकणारं माणूस आता एकच आहे, तुझी आत्या, तिला आज फोन कर. पण काही का असेना, घर वाहून गेलं, डोक्यावर दुसऱ्याचं छप्पर, खडकवासला गेल्यामुळे गावाच्या नळाला पाणी नाही, विहिरींवर रांगा, अशात ही बाई महिन्याभरात एक कोरी वही पैदा करते आणि पहिल्या पानावर पहिली ओळ लिहिते. काय लिहिलंय पहिल्या ओळीत? तू बघितलंयस का? दूध असेल, चालेल, दूधच असू दे. तेच स्मरणिकेचं पहिलं पान. काकांच्या वाक्याच्या जागी त्या पानाचा फोटो छाप, खाली तारीख टाक, मथळाही नको.

आपल्या पुण्यात पेशवे दफ्तर आहे, कोट्यवधी कागद, मोडीतले, आणि त्यातले कितीतरी नुसते हिशेब आहेत. तूप किती, वैरण किती, कुणाला किती दक्षिणा. त्या हिशेबांवर इतिहासकारांच्या पिढ्या काम करतायत. पेशव्यांच्या मुदपाकखान्याचा हिशेब म्हणजे इतिहास आणि गोखलेनगरच्या ओट्यावरचा म्हणजे रद्दी, हे कुठलं माप?

वह्या सगळ्या वाचायला दोन महिने पुरणार नाहीत, तर कुठे बघायचं ते सांगते. ७२ चा दुष्काळ बघ, मिलो ज्वारी आली होती रेशनवर, ती खाल्लेली माणसं अजून तोंड वाकडं करतात. रॉकेल बंद होऊन गॅस कुठल्या महिन्यात आला ते बघ, त्या काळी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायचे, तो दिवस घरात सण असायचा. 'किरकोळ' ह्या नावाखाली काय जातंय ते बघ, बायकांचं खाजगी आयुष्य बहुतेक वेळा किरकोळमध्ये असतं. देवळात टाकलेले, माहेरच्या माणसाला गुपचूप दिलेले, भिशीचे, एखाद्या सिनेमाच्या तिकिटाचे.

आणि १९७९ ते ८३ नीट बघ. आजोबा ७९ मध्ये गेले म्हणतेस, काका तेव्हा अठरा वर्षांचे, इंजिनिअरिंगला जाणारे. आणि पुढे तू एका ओळीत लिहितेस की आजी 'वेळ जावा म्हणून' दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घ्यायची. वेळ जावा म्हणून? भाजणी भाजून बघ एकदा पाच किलोची, मग सांग वेळ जातो का कंबर जाते. मी पैज लावत नाही, पण त्या चार वर्षांच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पानांवर बेसन, डालडा, पोह्यांचे आकडे बघ, जमेची बाजू बघ, आणि काकांच्या कॉलेजच्या फीचा आकडा कुठल्या महिन्यात पडलाय तो बघ. आपल्याकडे बाईने पैसे मिळवले की घर नंतर त्याला विरंगुळा म्हणायला लागतं, तेही बहुधा कौतुकानेच. हिशेब जुळला तर काकांना ते पान एकट्यांना दाखव, सगळ्यांसमोर नको. स्मरणिकेत काय जावं ते मग ते स्वतःच सांगतील असं मला वाटतं. आणि नाही जुळला, खरंच वेळ घालवायलाच करत असल्या, तर तेही मजेचं आहे, पन्नाशीतल्या विधवेने स्वतःसाठी काहीतरी उभं केलं.

मी म्हटलं होतं माझी चूक सांगते. आमचा वाडा पाडून फ्लॅट झाले तेव्हा हलवाहलवीत आईची अंतर्देशीय पत्रं, तिच्या बहिणींनी तिला लिहिलेली, एक अख्खी पिशवी मी रद्दीवाल्याच्या तराजूत घातली. चार किलो भरली. मला ते चार किलो अजून आठवतात, पत्रातली एक ओळ आठवत नाही, कारण मी वाचलीच नव्हती, 'बायकांच्या चौकशा असतील' म्हणून.

वह्या कशा जपायच्या तेही सांगते, कारण अशा ट्रंका खूप घरांत आहेत. प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, दमट होऊन बुरशी धरते. जुन्या धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा, जमिनीपासून वर आणि ओल्या भिंतीपासून लांब ठेवा. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, काही वर्षांनी तो पिवळा पडून कागदच खातो. लॅमिनेशन तर अजिबात नको. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न मारता, पानापानाचा मोबाईलवर फोटो घ्या, एका रविवारी दोन भाचरं बसवली की चार वह्या होतात. काळ्या पानांच्या जुन्या अल्बममधले फोटो उचकटू नका, पानासकट फोटो घ्या. सुटे असतील तर मागे मऊ पेन्सिलीने नावं लिहा, बॉलपेनने लिहिलं की पुढे उठतं. आणि हे आधी करा, स्मरणिका नंतर, कारण त्या फोटोतली तिसरी बाई कोण हे सांगणारी माणसं दरवर्षी कमी होतायत. तुझ्या घरात आजींच्या सहस्रचंद्रदर्शनाची सीडी आहे म्हणालीस, २०१० ची. ती आता कशात लावणार? ज्याच्याकडे जुना कंप्युटर असेल त्याच्याकडून या आठवड्यात उतरवून घे. हजार पौर्णिमा बघितलेली बाई त्यात स्वतः काय बोलली ते ऐक, इतरांची भाषणं पुढे ढकल.

आता आई. तिला 'लिहिशील का' विचारू नकोस परत, तिने उत्तर दिलंय. आणि एक अगदी स्पष्ट सांगते, नोकरीचं प्रकरण तिच्या परवानगीशिवाय छापायचं नाही. तुला वाटतंय तू तिला न्याय देतेयस, पण तिचं दुखणं तिच्या दिरा-नणंदांच्या जेवणावळीत वाटायला ती वस्तू तुझी नाहीये. ती म्हणाली लिही, तर दोन ओळी, तिच्या शब्दांत, तिच्या नावाने. नाही म्हणाली तर नाही.

पण विचारायचं मात्र आहे, वेगळ्या पद्धतीने. आजीबद्दल विचारू नकोस, तिच्याबद्दल विचार. तू ह्या घरात आलीस तेव्हा गोखलेनगरच्या स्वयंपाकघरात काय कुठे होतं? पहिल्या आठवड्यात काय रांधलंस? पगारी नोकरी केली असतीस तर पहिल्या पगारातून काय घेतलं असतंस? मेथी निवडताना विचार, समोरासमोर बसून नाही, हात कामात असले की बायका बोलतात. आणि १९८६ ची वही, तिच्या लग्नाच्या वर्षाची, तिला एकटीला दे. आधी सांग की मी उघडलेली नाही. त्यात तिला काय दिसेल मला माहीत नाही. कदाचित 'सूनबाईस चप्पल' असं काहीतरी दिसेल आणि ती हसेल. कदाचित तिच्या माहेरून काय आलं आणि काय नाही ह्याचा काटेकोर हिशेब दिसेल आणि जुनी जखम वाहेल. धोका आहे, म्हणून जबरदस्ती नको, ट्रंक उघडी आहे एवढं सांग. जिने त्या बाईचं दोन वर्षं अंग पुसलंय, तिला त्या वह्यांवर तुझ्याआधी हक्क आहे.

तुझ्या फोनमधलं आजीचं ते तीन तासांचं रेकॉर्डिंग, लॉकडाऊनमध्ये केलेलं, ऐकवत नाही म्हणतेस. नको ऐकूस. पण आज रात्री त्याच्या दोन कॉपी कर, एक दुसऱ्या कंप्युटरवर, एक बहिणीकडे, आणि फाईलला तारीख आणि नाव दे, कारण फोन पडायला एक क्षण पुरतो. ऐकायचं तेव्हा एकटी ऐकू नकोस, आत्यांना बोलाव, पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं, आणि वहीत लिहीत जा, कितव्या मिनिटाला कशाबद्दल आहे. म्हातारी माणसं कालचं विसरतात आणि लग्नाआधीचं सांगत बसतात म्हणून आपण हसतो, पण मानसशास्त्रात हे चांगलं माहीत असलेलं आहे, साधारण दहा ते तीस ह्या वयातल्या आठवणी माणसाकडे जास्त टिकतात. म्हणजे तुझ्या त्या तीन तासांत बहुतेक तुमच्यापैकी कुणीच नाहीये. बेचाळीसची चळवळ असेल, शाळा असेल, विहिरीवरच्या मैत्रिणी असतील. थोडं वाईट वाटेल, मी का नाही ह्याच्यात, असं.

ज्यांच्या आजी अजून आहेत आणि हे वाचतायत त्यांच्यासाठी, 'आजी, तुझ्या आयुष्याबद्दल सांग' असं विचारू नका, कुणालाच सांगता येत नाही ते. सकाळी उठल्यावर पहिलं काम काय असायचं, पाणी कुठून आणायचीस, पहिल्यांदा चप्पल कधी घातलीस, असं विचारा. फोन समोर धरू नका, उशीजवळ पालथा ठेवा. पण रेकॉर्ड करतोय हे सांगून करा, चोरून नको.

छपाईचं म्हणशील तर चाळीस पानं रंगीत करू नका, सोळा पुरेत. डिजिटल छपाईत दीडशे प्रती आरामात होतात आणि अप्पा बळवंत चौकात फिरलीस तर कुणी ना कुणी आठवड्यात करून देईल. वाचलेल्या पैशांत त्या एकतीस वह्यांचं नीट स्कॅनिंग होतं का बघ. काम सोडू नकोस. तू सोडलंस तर 'सदा हसतमुख' वालं कुणीतरी करेल.

शेवटचा तुझा प्रश्न, मुखपृष्ठावर नाव कुठलं. लग्नात नाव बदललेलं, आणि माहेरचं नाव घरात कुणालाच माहीत नव्हतं, ट्रंकेतल्या शाळेच्या दाखल्यावर सापडलं, आणि काका म्हणतात त्या नावाने आईला कोण ओळखतं. दाखला आहे ना, मग त्या नावाची मुलगी होती, डेक्कन क्वीन सुरू व्हायच्या आदल्या वर्षी जन्मलेली, अठरा वर्षं त्या नावाला ओ देत होती. त्या रेकॉर्डिंगमध्ये कुठेतरी तिला त्या नावाने हाक मारणारं माणूस भेटेल बघ तुला. तर दोन्ही नावं, माहेरचं आधी. काकांना सांग, फोटो थोडा लहान केला की बसतात.